कॉलेजच्या आधीचे आठ आठवडे

(मंडळाच्या सभागृहात जून महिन्यात बारावी आणि डिप्लोमा उत्तीर्ण विद्यार्थी व त्यांच्या पालकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर. भाषण अभ्यासवर्गातल्या आम्ही तिघांनी मिळून तयार केले आणि एकाने वाचले.)



सर्वप्रथम सगळ्यांचे अभिनंदन. निकाल लागले, पेढे वाटून झाले. आता प्रवेशाच्या याद्या, शाखा, फी आणि वसतिगृह याच्या चर्चा घरोघर चालू असतील. त्या चर्चेत आम्ही पडणार नाही. कॉम्प्युटर घ्यावे की मेकॅनिकल, हेही सांगणार नाही. आम्हाला बोलायचे आहे ते आजपासून कॉलेज सुरू होईपर्यंत हातात असलेल्या सात-आठ आठवड्यांबद्दल, आणि फक्त गणिताबद्दल.

आम्ही तिघे कोण, ते बहुतेकांना ठाऊक आहे. एकाने वीज मंडळात इंजिनिअर म्हणून नोकरी केली, एकाने बी.एस्सी.च्या वर्गांना फिजिक्स शिकवले, आणि तिसऱ्या आमच्या बाई, ज्यांनी शाळेत अकरावी-बारावीला गणित शिकवले. निवृत्तीनंतर मंडळाच्या वरच्या खोलीत आम्ही शनिवार-रविवारचा वर्ग घेतो. पालक म्हणतात की आमच्या वर्गातल्या मुलांना मार्क चांगले पडतात. ते खरे आहे. पण आज सुरुवात आम्ही आमच्या एका चुकीपासून करणार आहोत.

चार वर्षांपूर्वी आमच्या वर्गातल्या एका मुलाला बारावीच्या गणितात ९४ मार्क पडले. गुजकेटमध्येही उत्तम. हव्या त्या शाखेत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. याच सभागृहात त्याचा सत्कार झाला आणि आम्ही पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. जानेवारीत पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि तो गणितात नापास झाला. ही गोष्ट त्याने घरी दोन महिने सांगितली नाही. पुनर्परीक्षेची फी भरायला पैसे मागावे लागले तेव्हा आईला कळले. आई रागावली नाही, पण 'तू आम्हाला सांगितले का नाहीस' एवढे विचारून रडली. मग तो आमच्याकडे आला. हे सगळे आम्ही त्याच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो आहोत. तो आज इथे बसला आहे का, ते कृपा करून शोधू नका.

आम्ही त्याला एक साधे इंटिग्रेशनचे गणित दिले आणि म्हटले, सोडव. तो म्हणाला, "सर, ऑप्शन?"

त्या एका शब्दाने आमचे डोळे उघडले. ती सवय त्याला आम्हीच लावली होती. गुजकेटला गणिताचे ४० प्रश्न ६० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. म्हणून आम्ही शिकवले होते की इंटिग्रेशन करत बसू नका, चारही पर्यायांचे डिफरन्शिएशन करून बघा, ज्यातून प्रश्न परत मिळेल ते उत्तर. किंवा एक्सच्या जागी शून्य घाला आणि दोन पर्याय बाद करा. परीक्षेपुरती ही युक्ती चांगलीच आहे. पण कॉलेजात पर्याय नसतात. तिथे कोरा कागद असतो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आपणच जायचे असते. बोर्डाच्या परीक्षेत त्याने उत्तरे लिहिली होती, नाही असे नाही. पण ती दहादा घोटलेली, ओळखीची गणिते होती. नवे गणित समोर आले की तो दुसऱ्या ओळीवर अडायचा. आणि अडायचे कारण इंटिग्रेशन नव्हते, तर आठवी-नववीचे बीजगणित होते.

मित्रहो, गेली चार वर्षे आम्ही मुद्दाम कॉलेजात गेलेल्या मुलांच्या उत्तरपत्रिकांची रफ पाने बघतो. तिथे काय दिसते ते सांगतो. अ वर्ग अधिक ब वर्ग याचे वर्गमूळ मुले अ अधिक ब असे लिहून टाकतात. अ म्हणजे ३ आणि ब म्हणजे ४ घ्या. ९ अधिक १६ म्हणजे २५, त्याचे वर्गमूळ ५. मुलाच्या मते ७. दुसरी चूक अपूर्णांकांची. १ भागिले अ अधिक ब, याचे तो १ भागिले अ अधिक १ भागिले ब असे दोन तुकडे करतो. दोन्हीकडे २ घालून पाहा: पहिल्याचे उत्तर पाव येते, दुसऱ्याचे एक.

शाळेत अशा चुकीला अर्धा मार्क जातो. कॉलेजात पूर्ण गणित जाते, आणि पुढे नोकरीत त्याहून जास्त जाते. १०० ओहमचे दोन रेझिस्टन्स समांतर जोडले तर उत्तर ५० ओहम येते. अपूर्णांकाची वरची चूक करणारा मुलगा २०० म्हणतो. एसी सर्किटमध्ये ३ ओहमचा रेझिस्टन्स आणि ४ ओहमचा रिअॅक्टन्स असलेली कॉइल एकामागे एक जोडली तर एकूण अडथळा ५ ओहम असतो, ७ नव्हे. म्हणजे नववीतली वर्गमूळाची चूक इलेक्ट्रिकलच्या प्रयोगशाळेत जशीच्या तशी परत भेटते.

आपल्या आजोबा-पणजोबांची एक गोष्ट इथे आठवते. त्यांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, काहींना तर औटकीसुद्धा पाठ असे. सात वार कापड अडीच रुपये वाराने घेतले तर साडेसतरा रुपये, हे उत्तर दुकानदाराने तोंड उघडण्याआधी तयार असे. यात हुशारी दाखवण्याचा भाग नव्हता. हिशेब आपोआप झाला की डोके मोकळे राहते, आणि मग कापड चांगले आहे की नाही ते बघता येते. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याची पावकी-दिडकी म्हणजे बीजगणित, घातांक, लॉग आणि त्रिकोणमितीची मोजकी सूत्रे. वर्गात प्राध्यापक नवी कल्पना सांगत असताना ज्याला मागच्या ओळीतून पुढची ओळ कशी आली हे शोधत बसावे लागते, त्याच्या कानावरून ती कल्पना निघून जाते. 'सर फार भराभर शिकवतात' ही तक्रार अनेकदा इथूनच सुरू होते.

आता या आठ आठवड्यांत काय करायचे ते क्रमाने सांगतो. रोज सव्वा तास, कॅल्क्युलेटर आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत.

पहिले दोन आठवडे बीजगणित. अपूर्णांक, घातांक, लॉग, वर्गसमीकरण, सूत्राचा कर्ता बदलणे. रोज वीस छोटी गणिते. पुस्तक नवीन घेऊ नका. नववी-दहावीचे घरात असेलच, नसेल तर एनसीईआरटीची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मुलांना हे कमीपणाचे वाटते. पहिल्या दिवशी वीसपैकी किती बरोबर येतात ते बघा, मग कमीपणा वाटणार नाही.

तिसरा आठवडा त्रिकोणमिती आणि रेडियन. कॅल्क्युलेटरवर साइन १ दाबा. डिग्रीवर असेल तर ०.०१७५ येते, रेडियनवर असेल तर ०.८४१५. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. फिजिक्समध्ये लंबकाचे सूत्र काढताना छोट्या कोनासाठी साइन थीटा म्हणजे थीटाच असे धरतात. हे फक्त रेडियनमध्ये चालते. १० डिग्री म्हणजे ०.१७४५ रेडियन आणि त्याची साइन ०.१७३६, फरक साधारण अर्धा टक्का. पण ६० डिग्रीला तेच आकडे १.०४७ आणि ०.८६६ होतात, म्हणजे फरक वीस टक्क्यांच्या वर जातो. 'छोटा कोन' म्हणजे किती छोटा, हे ज्याने एकदा स्वतः ताडून पाहिले तो ते सूत्र भलत्या ठिकाणी वापरणार नाही.

चौथा आठवडा आलेखांचा. सरळ रेषा, पॅराबोला, १ भागिले एक्स, ई-चा घात, लॉग, साइन आणि कोसाइन. हाताने, कोऱ्या कागदावर. सूत्र बघितल्यावर आकार डोळ्यांसमोर आला पाहिजे: कुठे वर जाते, कुठे शून्य होते, फार लांब गेल्यावर काय होते. अकरावीचा हा भाग बहुतेकांनी बारावीच्या धास्तीत गुंडाळलेला असतो.

पाचवा आणि सहावा आठवडा कॅल्क्युलस. इथे सूत्रे पाठ असतात, अर्थ माहीत नसतो. अर्थासाठी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी जा. नळाला पाणी आले तेव्हा मिनिटाला २० लिटर येत होते, मग दाब सारख्या गतीने कमी होत ४० मिनिटांत पाणी बंद झाले. टाकीत किती पाणी आले? वेगाचा आलेख काढला तर त्रिकोण होतो. त्याचे क्षेत्रफळ २० गुणिले ४० भागिले २, म्हणजे ४०० लिटर. हेच इंटिग्रेशन. आणि टाकीवरच्या पातळीची दर मिनिटाची नोंद ठेवून या क्षणी पाणी किती जोराने येते आहे ते काढले, तर ते डिफरन्शिएशन. ज्यांनी गुजराती माध्यमात विकलन आणि संकलन शिकले त्यांनी शब्दांना घाबरू नये. कॉलेजात नावे इंग्रजी होतील, टाकी तीच राहील. एका वहीत दोन्ही भाषांतले शब्द समोरासमोर लिहून ठेवा, दोन पानांत काम होते.

ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी सिल्व्हेनस थॉम्प्सन यांचे 'कॅल्क्युलस मेड ईझी' वाचावे. १९१० सालचे हे पुस्तक एका फिजिक्सच्या प्राध्यापकाने तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलांसारख्या वाचकांसाठी लिहिले, आणि ते आजही मिळते.

सातवा आठवडा व्हेक्टर, कॉम्प्लेक्स नंबर आणि मॅट्रिक्स. कॉम्प्लेक्स नंबर अकरावीत येतात आणि 'काल्पनिक संख्या' या नावामुळे मुले त्यांना खेळ समजतात. मघाशी सांगितलेली ३ आणि ४ ओहमची कॉइल आठवा. ३ अधिक ४ आय या संख्येची लांबी ५ येते. आयने गुणणे म्हणजे बाणाला ९० अंशांत वळवणे, एवढे चित्र मनात ठेवा. पुढे इलेक्ट्रिकलचे मास्तर आयऐवजी जे लिहितील, कारण त्यांच्याकडे आय म्हणजे करंट. गोंधळू नका.

आठवा आठवडा सोपी डिफरन्शिअल इक्वेशन आणि लेखन. फिजिक्सला जाणाऱ्यांनी हे विशेष ऐकावे. बारावीपर्यंत व्ही बरोबर यू अधिक ए टी हे सूत्र तुम्ही शेकडो वेळा वापरले. ते फक्त त्वरण स्थिर असेल तरच खरे असते. पावसाचा थेंब खाली येतो तेव्हा हवेचा विरोध वेगाबरोबर वाढतो, त्वरण कमी कमी होत जाते आणि शेवटी थेंब एका ठरावीक वेगाने पडतो. तिथे हे सूत्र निरुपयोगी आहे. बी.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात मेकॅनिक्समध्ये असे प्रश्न येतात, आणि पुष्कळदा गणिताच्या तासाला तो भाग पोहोचण्याआधी येतात. तेव्हा मुलांना वाटते, फिजिक्स आपल्याला जमत नाही. फिजिक्स जमत असते. भाषा उशिरा हातात आलेली असते.

इंजिनिअरिंगवाल्यांनी घरी एक प्रयोग करावा. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टपर्यंत भरा आणि १० किलोओहमच्या रेझिस्टन्समधून रिकामा होऊ द्या. मल्टिमीटर लावून दर दहा सेकंदांनी आकडा लिहा. दहा सेकंदांनी सुमारे ४.४ व्होल्ट, वीस सेकंदांनी १.६, तीस सेकंदांनी ०.६. दर दहा सेकंदांनी आधीच्या सुमारे ३७ टक्के उरतात. जितके शिल्लक तितकाच कमी होण्याचा वेग, एवढ्या एका वाक्यातून ई-चा घात कसा येतो ते एकदा स्वतः लिहून काढा. चहा गार होणेही याच जातीचे आहे. सामानाचा खर्च किरकोळ आहे, आणि मीटर मंडळातून घेऊन जा. भरताना कपॅसिटरची अधिक-उणे बाजू तेवढी बघून जोडा.

लेखन म्हणजे काय? रोज एक गणित असे लिहायचे की धाकट्या भावंडाने वाचले तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीतून कशी आली ते त्याला कळावे. शेवटी उत्तराला एकक लिहायचे आणि उत्तर शक्य कोटीतले आहे का ते बघायचे. माणसाचे वजन चार टन आले तर कुठेतरी चुकले आहे हे आपल्यालाच दिसले पाहिजे. आणि वहीच्या डाव्या पानावर त्या दिवशीची चूक, तारखेसह. महिन्याभराने तीच चूक किती वेळा झाली ते मोजा. आमच्या अनुभवात बहुतेक मुलांच्या चुका चार-पाचच असतात, त्याच त्याच.

डिप्लोमा करून डी-टू-डीने डिग्रीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी दोन शब्द. तुम्हाला प्रवेश थेट तिसऱ्या सत्रात मिळतो. कारखाना, ड्रॉइंग, मशीन यांत तुम्ही बारावीवाल्यांच्या पुढे असता. पण पहिल्या वर्षाचे गणित तुमच्या वाट्याला आलेलेच नसते, आणि तिसऱ्या सत्राचे मास्तर ते झाले असे धरून चालतात. मागच्या वर्षी डिप्लोमात वर्गात पहिली आलेली एक मुलगी ऑगस्टमध्ये आमच्याकडे येऊन म्हणाली, "मला वाटले मीच मठ्ठ आहे." ती मठ्ठ नव्हती, तिचे दोन पेपर मधून गळले होते. त्यामुळे तुम्ही या आठ आठवड्यांतले शेवटचे चार पहिल्या वर्षाच्या पुस्तकावर घालवा. एखाद्या सीनियरकडून ते पुस्तक आजच मागून घ्या.

आता पालकांशी थोडे बोलतो. आपण बडोद्याचे लोक. आपल्यापैकी कित्येकांचे वाडवडील सयाजीराव महाराजांच्या काळात इथे आले. १८९० साली महाराजांनी कलाभवन सुरू केले, तेव्हा हाताने काम करणाऱ्या माणसाला शास्त्र कळावे हा त्यामागचा विचार होता. आजही तिथे इंजिनिअरिंग शिकवले जाते, आणि आपल्या घरांतून तिथे शिकलेली माणसे या सभागृहात बसली आहेत. ज्यांच्या पुढाकाराने गणेशोत्सव सार्वजनिक झाला ते लोकमान्य टिळक गणित शिकवत असत. गणिताची भीती ही काही आपल्या घराची परंपरा नाही.

पण एक वाईट सवय मात्र आपल्याला लागली आहे. आपण मुलांना फक्त मार्क विचारतो. त्या मुलाने दोन महिने निकाल का लपवला, हे आम्ही त्याला नंतर विचारले. तो म्हणाला, "माझा सत्कार झाला होता ना." त्या सत्काराला आम्हीही जबाबदार होतो. म्हणून विनंती अशी: या सुट्टीत आणखी एक महागडा क्लास लावू नका. सव्वा तास शांत टेबल द्या. पाहुणे आले तरी त्या वेळात मुलाला उठवू नका. पहिल्या अंतर्गत परीक्षेनंतर, म्हणजे मुख्य परीक्षेच्या पुष्कळ आधी, 'किती पडले' याऐवजी 'कुठे अडते आहे' हे विचारा. आणि त्याने खरे सांगितले तर चेहरा पडू देऊ नका. सहा आठवड्यांत कळलेली अडचण दोन रविवारांत सुटते. सहा महिन्यांनी कळलेली सुटायला वर्ष लागते.

तो मुलगा पुढे काय झाला, हे तुम्ही विचाराल. दहा आठवडे तो रोज संध्याकाळी वर्गात येत होता. पहिले तीन आठवडे आम्ही त्याला इंटिग्रेशनला हात लावू दिला नाही, फक्त अपूर्णांक आणि घातांक. त्याला लाज वाटायची, खालच्या वर्गातली मुले आली की वही झाकायचा. मग हळूहळू झाकेनासा झाला. पुनर्परीक्षेत सुटला, दुसऱ्या सत्राचे गणित पहिल्याच वेळी सुटले. फार मोठे मार्क नव्हते. पण उत्तरपत्रिका त्याने स्वतःच्या ओळींनी भरली होती. आज तुमच्या हातात जो वीस गणितांचा कागद दिला आहे, ती गणिते त्यानेच काढली आहेत, स्वतःच्या डाव्या पानांवरून.

तो कागद घरी न्या. आज रात्री, कॅल्क्युलेटर न घेता, चाळीस मिनिटांत सोडवा. किती बरोबर आले ते आम्हाला सांगायची गरज नाही. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता वरच्या खोलीत या, येताना एक दोनशे पानी वही आणा. फी नाही. आम्ही तिघेही असू, आणि या वर्षी पर्याय दिलेले एकही गणित आम्ही देणार नाही.